खोटी पोच

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, कुणाला ‘कसे आहात’ असं कधी विचारत नसत. ‘काय रिपोर्ट?’ म्हणत. दूधवाल्याला तेच, शेजारच्या म्हाताऱ्याला तेच, दाढ काढायला गेले तेव्हा दातांच्या डॉक्टरलाही तेच. लग्न ठरायच्या आधी ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हा दार मी उघडलं. मी एकोणीस वर्षांची, तोंडाने फटकळ. समोर एक काटकुळा माणूस, कान जरा पुढे आलेले, मला विचारतो, “काय रिपोर्ट?”

मी म्हटलं, “रिपोर्ट असा, की चहा अजून झालेला नाही आणि तुम्ही वीस मिनिटं लवकर आलाय.”

आतून आई ओरडली, “या पोरीला मेलीला जरा म्हणून पोच नाही!”

भाऊजी इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मला वाटलं, माझ्या आगाऊपणाला हसतायत. ते हसत होते आईच्या त्या एका शब्दाला. सैन्यात ते बिनतारी यंत्रावर होते. डोंगरावरच्या चौकीत कानाला यंत्र लावून बसायचं, निरोप घ्यायचा आणि मिळाला की उलट कळवायचं, मिळाला. त्याला ते पोच म्हणत. बावीस वर्षं या माणसाने पोच देण्याचंच काम केलं, आणि बायकोची बहीण मिळाली ती पोच नसलेली. यावरून त्यांनी मला जन्मभर चिडवलं. मीही त्यांना सोडलं नाही, हे सांगायला नकोच.

“आणि निरोप कळलाच नाही तर?” मी एकदा विचारलं होतं.

“तर म्हणायचं, नाही कळलं, परत सांगा. दहा वेळा म्हणायचं. पलीकडचा शिव्या घालतो, घालू दे. पण न कळता पोच द्यायची नाही.”

त्यांच्या एका जोडीदाराने एकदा दिली होती. वारा होता, निरोप अर्धाच ऐकू आला आणि चौथ्यांदा ‘परत सांगा’ म्हणायची त्याला लाज वाटली. चार माणसं नको त्या वाटेने गेली. तिसऱ्या दिवशी तीन परत आली. हे सांगताना भाऊजी कपाची कड अंगठ्याने पुसत राहिले होते. “पलीकडचा बोलायचा थांबतो ना,” ते म्हणाले, “त्याला वाटतं, यांना कळलं.”

निवृत्तीनंतर त्यांनी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल मांडलं आणि पंखे, इस्त्र्या, रेडिओ दुरुस्त करायला लागले. मूलबाळ नव्हतं. ताई आतल्या खोलीत शिवणाचं मशीन चालवायची, हे बाहेर तारांना कथिलाचे डाग द्यायचे, आणि दोघं भिंतीपल्याडून बोलायची. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे आणि दोन गल्ल्या सोडून राहते. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. रोज संध्याकाळी सहाला मी त्यांच्याकडे चहाला जायची. तेवढंच माझं घर म्हणाल तर घर.

बावन्नाव्या वर्षी भाऊजींच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडायला लागला. आधी आम्ही हसलो. मग पायही अडखळायला लागला, तेव्हा मोठ्या दवाखान्यात गेलो. आजाराचं नाव इतकं लांब, की भाऊजी डॉक्टरांना तीनदा म्हणाले, “नाही कळलं, परत सांगा.” स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून वाळत जातात. आधी हात, मग पाय, मग जीभ, घसा आणि शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत शाबूत. याला औषध नाही.

रिक्षाने परत निघालो. वाटेत भाऊजी म्हणाले, “म्हणजे सेट बंद पडणार, ऑपरेटर जिवंत.” आणि ताईकडे बघून, “मी गेलो तर घरात जाणार. वॉर्डात नाही. लिहून ठेवा.”

लिहून त्यांनीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी एक जाड वही आणली आणि रोज सहाचा रिपोर्ट लिहायला लागले. ‘उजवा हात: स्क्रू घट्ट होत नाही.’ ‘जिना चौदा पायऱ्या, दोनदा थांबलो.’ ‘शर्टाची बटणं तिने लावली.’ यात कुठे कण्हणं नाही, कुथणं नाही. हात गेले तेव्हा ते सांगायचे आणि ताई लिहायची. मग बोलणं जाड झालं, आणि वर्षभरात त्याचा नुसता आवाज उरला. ताई स्वतःच्या मनाने वही लिहायला लागली आणि मी घरी गेल्यावर, रात्री, त्यांना वाचून दाखवायला लागली. डोळे वर म्हणजे हो, बाजूला म्हणजे नाही, एवढी भाषा डॉक्टरांनी शिकवली होती. अक्षरांचा तक्ताही दिला होता. एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, हवं ते आलं की त्यांनी डोळे वर करायचे. ताईने तो कपाटामागे टाकला.

“त्याची काय गरज? मला कळतं त्यांचं.”

आणि खरंच वाटायचं, की हिला कळतं. मी चहा पीत बसलेली असायची. भाऊजी घशातून लांबलचक काहीतरी काढायचे, मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि ताई उशी सरळ करत म्हणायची, “हो, कळलं. कळलं हो.” भाऊजी शांत व्हायचे. मी मनात म्हणायची, याला म्हणतात संसार.

आता सरकारी भाग. अशा आजाराने अधू झालेल्या निवृत्त सैनिकाला दोन शिक्के मिळू शकतात, ‘तात्पुरता’ किंवा ‘कायम’. भाऊजींना तात्पुरता मिळाला होता. तो दर वर्षी नवा करायचा, वैद्यकीय मंडळाकडे कागद पाठवायचे. कायम झाला तर श्वासाचं यंत्र घरी मिळतं, ते सांभाळायला माणूस मिळतो. तात्पुरत्याला यंत्र हवं असेल तर वॉर्डात भरती व्हावं लागतं. डॉक्टर म्हणाले होते, यंत्र चार-सहा महिन्यांत लागेल. म्हणजे त्या एका शब्दावर ठरणार होतं, भाऊजी घरी राहणार की वॉर्डात.

अर्ज मी हातात घेतला. अर्ज म्हणजे माझा प्रांत! पंचवीस वर्षं मी लोकांच्या फायली अडवल्या आहेत, त्या कशाने सुटतात ते मला ठाऊक. फाईल जाड हवी. जाड फायलीला कुणी नाही म्हणत नाही. डॉक्टरांचा दाखला, तपासण्या, सेवापुस्तक, सगळं लावलं. तरी फाईल मला हडकुळीच दिसत होती. एका दुपारी ताई औषधं आणायला गेली होती. भाऊजींजवळ मी होते. माझी नजर वहीवर गेली. तीन वर्षांच्या रोजच्या नोंदी, घरातल्या माणसाच्या हातच्या! मी भाऊजींना विचारलं, “ही लावू?” त्यांचे डोळे टुणकन वर गेले. अभिमान होता त्यांना त्या वहीचा. मी कोपऱ्यावर जाऊन सगळ्या पानांच्या प्रती काढल्या आणि पहिली चार पानं, त्यांच्या अक्षरातली, वाचून डोळे पुसले. पुढची वाचली नाहीत. त्याच दिवशी फाईल रवाना केली.

दुसऱ्या दिवशी ताईला सांगितलं तर तिच्या हातातला चमचा थांबला. “सगळी वही?” तिने विचारलं. मी म्हटलं, सगळी. ती वळून भांडी लावायला लागली. मला वाटलं, खाजगी काही असेल, लाजली.

सात आठवड्यांनी पत्र आलं. ते मी ऑफिसात उघडलं. ‘कुटुंबाने स्वतः सादर केलेल्या दैनंदिन नोंदींनुसार गेल्या अकरा महिन्यांत रुग्णाच्या गिळण्यात, श्वसनात व बोलण्यात सातत्याने सुधारणा दिसते. सबब कायम दर्जा देता येत नाही. एक वर्षाने फेरतपासणी.’

मी तशीच ताईकडे गेले आणि तिला स्वयंपाकघरात ओढून दार लावलं. “काय लिहिलंयस तू त्या वहीत?”

ती ओट्याला टेकून उभी राहिली. एक दिवस, ती म्हणाली, तिने खरं लिहिलं होतं, आज पाणीसुद्धा अडकलं, आणि वाचून दाखवल्यावर भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला त्यांना हात नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, आज पाणी नीट गेलं. त्यांनी डोळ्यांनी हसून दाखवलं. मग रोजचंच झालं. “घसा त्यांचाच आहे ना गं. खोटं आहे ते त्यांना कळत होतंच. आमचा खेळ होता तो. मला काय माहीत, तू गावभर वाटशील?”

“मग मला अडवलं का नाहीस?”

“फाईल गेली होती. आणि वाटलं, एवढं कोण वाचतंय.”

खरं तर रागवायचा हक्क मला नव्हता. माझ्याच हाताने मी तो धोंडा त्यांच्या पायावर पाडला होता. तरी रागावले, आणि मोठ्याने रागावले. ताई ऐकून घेत राहिली. ती नेहमीच ऐकून घेते, त्याचा मला आणखी राग येतो.

मंडळाच्या कचेरीत खिडकीमागे एक बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी तावातावाने सगळं सांगितलं. डॉक्टरांचा दाखला खरा की बायकोची वही खरी, हे समजायला काय पदवी लागते, असंही बोलले. बाईंनी सगळं होऊ दिलं.

“बाई, ओरडून नियम बदलत नाही. दोन वाटा आहेत. एक वर्ष थांबा. नाहीतर वही ज्यांनी लिहिली त्यांनी मंडळासमोर येऊन सांगायचं, की नोंदी खोट्या आहेत. अर्ज त्यांच्या मिस्टरांचा आहे, तेव्हा ते समोर हवेत.”

“त्यांना झोपवून आणावं लागेल.”

“झोपवून आणा. पण आणा.”

ताईने साफ नकार दिला. “त्यांच्यासमोर नाही सांगणार मी.” मी म्हटलं, “अगं, खेळ आहे ते त्यांना माहीत आहे म्हणालीस ना?” ती म्हणाली, “सगळं नाही माहीत.” मी विचारायला हवं होतं, काय माहीत नाही. नाही विचारलं. पंधरा दिवसांनी भाऊजींचे ओठ निळे पडायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता उशीर नको, वॉर्डात आणा. भाऊजींनी डोळे बाजूला नेले आणि तिथेच ठेवले. त्या दिवशी ताई मला म्हणाली, “चल. सांगते.”

जायच्या दिवशी भाऊजींनी गालाकडे डोळे फिरवून फिरवून दाढी करून घेतली. मंडळाची खोली लांबट होती, भिंतीला तपकिरी रंग अर्ध्यापर्यंत, एक पंखा, तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर म्हातारे डॉक्टर, शेजारी एक तरुण डॉक्टरीणबाई, कडेला लिहून घेणारा. स्ट्रेचर टेबलासमोर लावलं आणि पाठीशी उशा देऊन भाऊजींना थोडं उठवलं. ताई टेबलाजवळ उभी होती, मी तिच्या मागे. भाऊजींचा चेहरा मला पूर्ण दिसत होता.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि वाचलं, “‘चार तारीख. दोन वाट्या सूप घेतलं, ठसका नाही.’ हे खरं आहे?”

“खोटं आहे, साहेब. नळीने देतो.”

“‘अकरा तारीख. श्वास मोकळा.’”

“खोटं.”

डॉक्टर भाऊजींकडे वळले. माणूस चांगला होता, आवाज उगीच चढवला नाही. “हे असं लिहिलं जातंय, तुम्हाला माहीत होतं?”

भाऊजींचे डोळे वर गेले, आणि मी सांगते, त्यात मिश्कीलपणा होता. डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं. ताईने सुस्कारा टाकला. मला वाटलं, सुटलो.

“आता बोलण्याबद्दल. या नोंदी सगळ्यात जास्त आहेत,” डॉक्टर म्हणाले. “‘अठरा तारीख. आज बोलणं सगळं कळलं. दुपारी माझं नाव घेतलं. अगदी स्पष्ट.’”

डॉक्टरांनी पान उलटलं.

“एकोणिसावी. ‘माझं नाव घेतलं.’ विसावी, तेच. हे खरं आहे का?”

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. लिहून घेणारा लेखणी धरून थांबला. आणि मी, पोच नसलेली, मागून तिला म्हणाले, “सांग ना पटकन.”

“खोटं आहे,” ताई म्हणाली. “मला त्यांचं काहीच कळत नाही, साहेब. वर्ष झालं, एक शब्द कळलेला नाही. ते इतकं सांगतात, इतका वेळ सांगतात. मी नुसतं कळलं कळलं म्हणते.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सूप घशाखाली गेलं की नाही, ते भाऊजींना ठाऊक होतं. पण आपलं बोलणं समोरच्याला कळलं की नाही, ते फक्त समोरचाच सांगू शकतो. त्यांच्या कानात, त्यांच्या डोक्यात, शब्द धडधाकट होते. वर्षभर ते बायकोशी बोलत होते आणि पलीकडून पोच येत होती.

“हे माहीत होतं तुम्हाला?” डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं.

भाऊजींचे डोळे बराच वेळ ताईच्या पाठीवर होते. मग ते बाजूला गेले. नाही.

मंडळाला लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दर्जा: कायम. बाहेर पॅसेजमध्ये शिपायाने माझं अभिनंदन केलं, आणि मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. मारायला हवी होती ती स्वतःच्या.

यंत्र आलं, ते सांभाळायला माणूस आला. बाहेरच्या खोलीत टेबल होतं तिथे पलंग लावला. नाकातोंडावर मुखवटा बसला आणि ओठांचा निळा रंग गेला. पण भाऊजींनी आवाज काढणं सोडलं. ताई विचारायची, पाणी? कूस? पंखा? ते हो-नाही करायचे, बस्स. चौथ्या दिवशी मी कपाटामागून तक्ता काढला आणि पुसला. त्यांनी पहिल्यांदा अक्षरं जुळवली ती ‘वही बंद’. त्यानंतर ‘उशी’, ‘खिडकी’, असं लागेल तेवढं. एकदा माझ्यासाठी ‘चहा कडू’. मी करून आणला होता आणि ताईने तोंड वाकडं केलेलं त्यांनी पाहिलं होतं. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

ताईने त्यांची माफी मागितली का, मला माहीत नाही. ती दिवसभर पलंगाशी बसायची. मशीनवर धूळ बसली. एकदा मी दारातून ऐकलं, ती म्हणत होती, “मला भीती वाटायची हो. नाही कळलं म्हटलं तर तुम्ही बोलायचंच सोडाल.” खोलीत फक्त यंत्राचा आवाज होता.

सहा आठवडे गेले. त्या दिवशी शाळेत परीक्षेच्या गुणपत्रिका वाटायच्या होत्या, मला यायला साडेसहा वाजले. दार उघडं होतं. यंत्र बंद होतं. यंत्राचा माणूस बाहेर पायरीवर बसला होता, मला बघून उठला. आत ताई भाऊजींचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली होती. मुखवटा काढून उशीजवळ ठेवलेला होता.

मी जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसले. ती आपणहून बोलली.

“पाच वाजता मुखवटा काढायला सांगितला त्यांनी, डोळ्यांनी. मी काढत नव्हते. तीनदा सांगितलं. मग काढला. मग बोलले.”

“बोलले?”

“हो. तोंडाने. मी म्हटलं, तक्ता लावू? नाही म्हणाले. मी म्हटलं, नाही कळलं, परत सांगा. परत बोलले. मी म्हटलं, नाही कळलं हो. पाच वेळा बोलले गं. दम लागला, तरी बोलले. मी एकदाही कळलं म्हटलं नाही.”

माझ्याने ऐकवेना. मला काहीतरी बरं बोलायचं होतं, जन्मात एकदा तरी. मी म्हटलं, “ताई, तुझं नाव घेतलं असेल त्यांनी.”

तिने मान हलवली.

“नाही,” ती म्हणाली. “माझं नाव दोनच अक्षरांचं आहे. हे लांब होतं.”